हत्यारांच्या सावल्या

फादर, हेडबाई, अध्यक्षसाहेब, मार्था मावशी, आणि सांडोर-होळी गावांकडून आलेली सगळी मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, बाकं रिकामी आहेत. आज लवकर सुटायचं नाहीये.

मला भाषण करता येत नाही. मी सुमन, होळीतल्या जगन्नाथ केळीवाल्यांची धाकटी. कारखान्यात लेथवर असते. दिवसभर मशीन बोलतं आणि मी ऐकते. इनास सर परवा गेले. तीन दिवस ताप आला आणि गेले. काल आपण त्यांना माती दिली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजही फुटेल असं वाटत नव्हतं. पण माझ्या आधी शाळा कमिटीचे अध्यक्षसाहेब बोलले आणि माझा घसा एकदम मोकळा झाला. त्याबद्दल त्यांचे आभार.

साहेब म्हणाले, इनास मास्तर म्हणजे आपल्या गावाचा दीपस्तंभ. वा! साहेब, चार वर्षांपूर्वी याच माणसाविरुद्धच्या कागदावर तुमची सही आहे ना? त्या कागदावर काय शब्द आहे ते मला पाठ आहे. ‘शालेय साहित्याचा अपहार.’ म्हणजे चोरी. मग चोराला दीपस्तंभ कधीपासून म्हणायला लागलात? परवापासून?

नका, उठू नका. पाणी हवं असेल तर माठ कोपऱ्यात आहे. बसा.

नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगांतले काही पालक आलेत, त्यांना हे काही ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आपण बसलोय ती ही शेड म्हणजे शाळेची वर्कशॉप. आठवीपासून टेक्निकल घेतलं की आठवड्यातून तीन दिवस इथे यायचं. लोखंड कापायचं, कानशीनं घासायचं, लाकडाला रंधा मारायचा, ड्रॉइंग काढायचं. दहावी झाली की पोराच्या हातात काहीतरी असायचं. सर तेच म्हणायचे, डोक्यात राहील न राहील, हातात राहतं. इथून निघालेली पोरं रेल्वेत गेली, बंदरात गेली, आखातात गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर तुमच्या घरांना स्लॅब पडले, मंडळी. आणि चार वर्षं इथे कुलूप होतं. काल आम्ही चौघाजणांनी मिळून जाळी काढली, शेड झाडली.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी आठवीत गेले. मुलींना शिवण आणि मुलांना टेक्निकल, अशी वाटणी होती. सर आमच्या वाडीत आले. आमच्याच नाही, ते सगळ्यांच्याच वाड्यांत जायचे. सायकल बांधावर टाकायचे आणि केळीतून चालत यायचे. बाबा केळीला पाणी लावत होते.

सर म्हणाले, “जगन्नाथ, हिला माझ्याकडे पाठव.”

बाबा म्हणाले, “पोरगी लोखंड घासून काय करनार, मास्तर? लग्नात कानस देऊ काय आंदण?”

सरांनी विचारलं, “तुझ्या पंपाचा वॉशर कोण बदलतो?”

“मी. आनखी कोन?”

“आणि तुझी कंबर धरली की?”

बाबांनी पंपाकडे बघितलं. सर म्हणाले, “मग ही बदलेल.” आणि गेलेसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून मी इथे, या खिडकीखालच्या तिसऱ्या, लोखंड पकडायच्या व्हाइसवर. पोरं हसायची. सर हसणाऱ्याला म्हणायचे, तू घासलेला जॉब आण, तिचा आण, दोन्हींवर गुण्या लावू. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पातं हो. एकदा लावला, दोनदा लावला, मग हसणं आपोआप बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, ही शोकसभा आहे, रडायचं सोडून ही बाई गुण्या कसला लावतेय? लावणारच. आज तोच लावायला आलेय मी.

सरांचा फोटो ज्या चादरीवर लावलाय, ती चादर तुम्ही सगळे मघापासून बघताय. कुणी विचारलं नाही मागे काय आहे. विचारणार नाहीतच. ज्यांना ठाऊक आहे ते विचारत नाहीत. मार्था मावशी, तुमच्या घरधन्याचा फोटो मांडीवर धरता का जरा? हं. आता ही चादर मी काढते.

बघा. ओळखलात? हा आपला फळा. खडूचा नव्हे, हत्यारांचा. हिरव्या रंगावर पांढऱ्या रंगात प्रत्येक हत्याराची सावली काढलेली आहे. ही हातोड्याची. ही पक्कड. हा पाइप पाना. ही पाणसळ. हा रंधा, ही करवत, ह्या तीन कानशी. सगळ्या सावल्या सरांनी स्वतःच्या हातानं रंगवल्या. हत्यार खिळ्यावर टांगलं की सावली झाकायची. तास संपला की सर दारात उभे राहायचे आणि विचारायचे, “फळा भरला?” भरला असेल तर सुट्टी. एक जरी सावली उघडी दिसली तर कुणीही घरी जायचं नाही. वर्गातून एकानं शोधायला जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. ओरडणं नाही, छडी नाही. नुसतं बसायचं. सरसुद्धा आमच्याबरोबर बसायचे. एस.टी. चुकली तरी बसायचे.

आता मोजा, किती सावल्या उघड्या आहेत ते. मी नाही मोजणार. तुम्हीच मोजा, तुम्हाला जास्त नीट येईल.

ही हत्यारं कुठे गेली? पंख फुटले काय त्यांना? मी सांगते कुठे गेली. आपल्या गावाची रीत आहे ना, कुणाला काही मागायचं तर स्वतः जायचं नाही, पोराला पाठवायचं. “सर, बाबांनी पाइप पाना मागितलाय, पंप अडलाय, उद्या देतो.” “सर, आजोबांना करवत हवीय, माडाचं खोड कापायचंय.” “सर, सणाला स्टेज घालायचंय.” “सर, मखर करायचंय.” सर द्यायचे. सर कुणाला नाही म्हणाले असतील तर दाखवा. उद्या म्हणजे उद्या यायचा नाही, परवा यायचा नाही. मग पोरगं दहावी होऊन निघून जायचं आणि हत्यार घरातलंच होऊन जायचं.

मी दहावीत होते तेव्हा सरांना म्हटलं, “सर, नावं लिहून ठेवा ना. कुणी काय नेलं ते.”

सर माझ्यावर रागावले. तेवढे एकदाच रागावले. म्हणाले, “अगो, माझ्या दारात येणाऱ्याचं नाव लिहू? त्याच्या घरचं पाणी प्यालोय मी. नाव चोराचं लिहितात.”

ही सरांची चूक. मी लपवत नाही. शिक्षक म्हणून त्यांनी लिहायला हवं होतं. गावातला माणूस म्हणून त्यांना लिहिता आलं नाही. आणि ज्यांचं नाव त्यांनी लिहिलं नाही, त्यांनी सरांचंच नाव लिहून दिलं. अगदी शाई लावून.

चार वर्षांपूर्वी तपासणीला अधिकारी आले. आले ते सरळ याच फळ्यासमोर उभे राहिले. सरांचीच व्यवस्था इतकी चोख, की शेंबड्या पोरालाही कळावं काय नाही ते. अधिकाऱ्यांनी विचारलं, ही हत्यारं कुठे आहेत? सर म्हणाले, गावात आहेत, येतील. अधिकारी अध्यक्षसाहेबांकडे वळले. आणि आमचे अध्यक्षसाहेब काय म्हणाले? “ते मास्तरांनाच विचारा.”

एवढंच. तीन शब्द. साहेब, तुमच्या विहिरीवरच्या पाइपला त्या दिवशी शाळेचा पाना लटकलेला होता. मी पाहिलाय. आजही तुमच्या पंपघरात, डाव्या हाताला, खोबणीत आहे. मग चौकशी बसली. गावातली बारा माणसं साक्षीला बोलावली. बाराच्या बारा जणांनी हात वर केले. आम्हाला काही ठाऊक नाही. मास्तर घरी न्यायचे असतील. मास्तर विकत असतील. कुणी तरी असंही म्हणालं, मास्तरांनी घराला नवा दरवाजा केलाय म्हणे. अहो, तो दरवाजा त्यांनी स्वतःच्या अंगणातला आंबा पडला त्याचा केला होता! त्याच दरवाजातून काल त्यांची पेटी बाहेर काढलीत तुम्ही, आणि खांदा द्यायला ढकलाढकली चालली होती.

थांबा, माझं संपलं नाही. साक्षीला तेरावी मी होते.

हो, मी. अ‍ॅप्रेंटिस लागून मला सहा महिने झाले होते. मला बोलावलं, कारण हत्यारांवर नंबर मी मारले होते. नववीत असताना सरांनी मला नंबर पंच दिला. अंकाचा ठसा लोखंडावर धरायचा आणि हातोड्याचा एकच ठोका द्यायचा. दोन दिले की अंक दुहेरी उमटतो. मी सगळ्या हत्यारांवर नंबर मारले, प्रत्येकात सालाचा सात होताच, पण माझा सात काही सरळ येईना. दर वेळी डावीकडे कलायचा. मी रडकुंडीला आले. सर म्हणाले, “राहू दे. तुझी ओळख राहील.” तर चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, बाई, ही हत्यारं कुणाकडे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक होतं. आदल्या रात्री बाबांनी मला सांगितलं होतं, तोंड उघडशील तर उद्या आपल्या दारात पोलीस. कारण आमच्या माळ्यावर हाताचं ड्रिल होतं. मखराला म्हणून आणलेलं. मीच आणलेलं, मंडळी. मी नववीत होते, मीच म्हटलं होतं, “सर, बाबांनी मागितलंय, उद्या देते.”

मी अधिकाऱ्यांना म्हटलं, मला ठाऊक नाही.

सर समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मला लाज वाटू नये म्हणून बघितलं नाही. त्याची मला आजपर्यंत चीड येते. बघायला हवं होतं त्यांनी! माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं असतं तरी मी बोलले असते. कदाचित. नसतेही बोलले.

सरांची नोकरी गेली. शेडला कुलूप लागलं. आणि या चार वर्षांत दहावी झालेली तुमची पोरं काय करतात? नालासोपाऱ्याला बिल्डिंगा उठतायत ना, तिथे पाट्या उचलतात. लिफ्ट बसवायला बाहेरून माणसं येतात आणि आपली पोरं खाली विटा मोजतात. कुणाचं नुकसान केलंत? सरांचं? सर काय, रस्त्याच्या कडेला बसले आणि स्टो दुरुस्त करायला लागले. त्यांच्या हातात होतं. तुमच्या पोरांच्या हातात काय आहे ते बघा आज घरी जाऊन.

स्टोवरून आठवलं. गेल्या दिवाळीची गोष्ट. मी सुट्टीवर होते. सर एका घराच्या ओट्यावर बसून स्टोची पिन काढत होते. कुणाचं घर ते आत्ता सांगत नाही, त्या बाई इथेच बसल्यात आणि पदर सारखा करतायत. सर म्हणाले, “बाय, घरात पक्कड आहे का गो?” आतून पक्कड आली. सरांनी हातात घेतली, उलटी केली आणि अंगठ्यानं दांडा पुसला. मी शेजारी उभी होते. माझा सात, डावीकडे कललेला.

मला वाटलं, आता सर बोलणार. आता तरी. सरांनी पिन काढली, वॉशर घातला, स्टो पेटवून दाखवला. पक्कड जिथून आली तिथे उंबऱ्यावर ठेवली. त्या बाईंनी सरांना चहा दिला. बाहेरच्या कपात दिला, बरं का. चोराला आतला कप कसा द्यायचा?

रस्त्यानं चालताना मी सरांशी अक्षरशः भांडले. म्हटलं, “सर, ती आपली पक्कड होती! तुम्ही बोलला का नाहीत?”

सर म्हणाले, “गंज नव्हता गो तिच्यावर. कुणीतरी तेल लावतंय तिला.”

असा माणूस होता. त्याला आनंद झाला होता, मंडळी! आपली नोकरी खाल्लेल्या हत्यारावर गंज नाही, याचा आनंद!

फादर, सकाळच्या मिस्साला तुम्ही क्षमेबद्दल बोललात. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं. सरांनी क्षमा केली असेल. नव्हे, केलीच होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पण ती त्यांची क्षमा. माझ्याकडची मी कुणाला देणार नाही. मला राग धरायचा आहे. गेली चार वर्षं मी तो लेथच्या पट्ट्यासारखा ताणून धरलाय आणि आज तो तुमच्या अंगावर सोडणार आहे. स्वतःच्याही सोडणार आहे, त्यात सूट नाही.

तर आता ऐका. या पिशवीत काय आहे? हे हाताचं ड्रिल. आमच्या माळ्यावरून आज सकाळी काढलं. बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. बाबा, मान वर करा. खाली घालून काही होत नाही, मी चार वर्षं घालून बघितली. हे मी या खिळ्यावर लावते. ही बघा, सावली झाकली. किती वेळ लागला? आणि हे न करायला आपल्याला चार वर्षं लागली.

आता तुमची पाळी.

सोमवारी अधिकारी येणार आहेत. नव्या हेडबाईंनी पत्रं लिहून लिहून त्यांना आणलंय. फळा भरलेला दिसला, तर सरांवरचा तो शब्द कागदावरून निघेल आणि जूनपासून टेक्निकलचा वर्ग पुन्हा भरेल. उघडी सावली दिसली, तर या शेडमधला लेथ उचलून दुसऱ्या तालुक्याला जाईल आणि इनास सर कायमचे चोर राहतील. थडग्यात गेलेले चोर. मार्था मावशींनी आपल्याकडे काही मागितलं नाही. शाल नको म्हणाल्या, मदत नको म्हणाल्या. मला एवढंच म्हणाल्या, “सुमन, त्यांचं नाव तेवढं स्वच्छ पुसून आण.”

मला कुणाच्या घरात काय आहे ते ठाऊक आहे. सगळं नाही, पण पुष्कळसं. ज्यांना वाटतंय आपलं हिला ठाऊक नाही, त्यांनी वाट बघावी. कललेला सात घासून काढता येत नाही. घासला तर खड्डा राहतो, आणि खड्डाही मला ओळखता येतो. सोमवारी अधिकाऱ्यांसमोर मी याच जागी उभी असेन. या वेळी मला विचारलं की मी बोलणार. घराचं नाव घेऊन बोलणार, सुरुवात माझ्या घरापासून आणि दुसरं नाव पंपघराचं. त्या वेळी ढकलाढकली करून खांदा दिला होता हे कुणी मला सांगायला येऊ नका.

अशा सभेच्या शेवटी दोन मिनिटं मौन पाळायचं असतं. मंडळी, मौन आपण पाळून झालंय. चौकशीच्या दिवशी तेरा जणांनी पाळलं आणि बाकी गावानं चार वर्षं पाळलं. सरांना आपलं मौन आणखी नको असेल. मला ते सहन होणार नाही.

म्हणून आपण आज सरांच्याच पद्धतीनं जाऊ. प्रत्येक घरातल्या एकानं उठायचं, घरी जायचं आणि हत्यार घेऊन यायचं. पोराला पाठवायचं नाही. ज्यानं मागवलं त्यानं जायचं. बाकीच्यांनी इथेच बसायचं. ओरडणं नाही, छडी नाही. मी बसते तुमच्याबरोबर. मार्था मावशीही बसतील, फोटो मांडीवर घेऊन. साहेब, तुमची विहीर सगळ्यांत जवळ आहे, पहिले तुम्ही.

आणि सर, तुम्ही दारात उभे आहात असं मी धरून चालते. तुम्ही विचारलंत, फळा भरला? नाही सर. अजून नाही.

आज कुणालाही सुट्टी नाही.